मागच्या खोलीतला उजेड

१४ तारीख, मंगळवार दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे अप्पांचा खोकला कमी आहे आणि माझी पाठ जशी होती तशीच आहे. तू जेवणखाण वेळेवर करत असशील असं मी धरून चालते, कारण त्याबद्दल तू कधी एक ओळही लिहीत नाहीस. तुझ्या पत्रात सूचनाच फार असतात. उंटावरून शेळ्या हाकायची हौस तुला लहानपणापासूनची.

भिंत अजून तशीच आहे का, असं तू विचारलंस. तशीच आहे. तुमच्या प्रयोगशाळेत त्या मोठ्या दुर्बिणीसाठी केलेले काळे पत्रे तिथे जेवढा उजेड गिळतात, तेवढा सगळा इथे मागच्या खोलीच्या भिंतीतून बाहेर येतो. तुम्ही मोठे दिवे लावून पत्र्यांची परीक्षा घेता, त्या दिवशी मला डोळे किलकिले करूनच आत शिरावं लागतं. दाराच्या फटीतून तो उजेड माझ्या अंथरुणापर्यंत येतो. शेजारच्या काकू विचारत होत्या, घरात रोपं वाढवायला घेतलीस का म्हणून. मी हो म्हटलं. आता त्यांना रोप हवंय.

उपाय करायचे तेवढे करून झाले. वायरमनने आधी त्या खोलीची वीज तोडली, मग सगळ्या घराची. भिंत आपली उजळलेली. शेवटी त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही लपवून ठेवलंय, आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. गवंडी म्हणाला, ओल आहे. गवंड्याला कुठल्याही भिंतीत ओलच दिसते. घोंगडी टांगली तर घोंगडीच उजळली. मग मी तुला लिहिलं की तुझ्याच पत्र्याचा एक तुकडा पाठव, मी तो भिंतीवर ठोकते. त्यावर तुझं उत्तर, की तो तिथला उजेड गिळेल आणि पुन्हा त्याच भिंतीतून बाहेर काढेल. ते वाचून मी आधी हसले आणि मग मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

आणि हे सगळं कशामुळे, तर तुझ्या घोकंपट्टीमुळे. ज्यांच्या डोक्यात कळा यायच्या, ज्यांना उजेड सोसवायचा नाही, त्यांच्या घरी जाऊन आई खोली काळोखी करून द्यायची. भिंतीला काजळी लावायची आणि मंत्र म्हणायची. आपण दोघं दारात उभे राहून ऐकायचो. काढलेला उजेड कुठेतरी ठेवावा लागतो, म्हणून शेवटी ती म्हणायची, ‘माझ्या मागच्या खोलीत ठेवते.’ ती इथे राहायची, म्हणून इथलं नाव घ्यायची. तुम्ही भट्टीत पत्र्यावर ती केसाहून बारीक काजळी चढवलीत, जगात कुणाला जमलं नाही ते केलंत, आणि वर तू आईचा मंत्र पोपटासारखा जसाच्या तसा म्हटलास. एवढा शिकलास, पण शेवटची ओळ हा पत्ता आहे हे तुझ्या लक्षात येऊ नये?

आता तू लिहितोस की येत्या सोमवारी सगळ्या पत्र्यांवर मंत्र पुन्हा म्हणणार, या वेळी प्रयोगशाळेखालच्या पाण्याच्या टाकीचा पत्ता घालून. ‘तुझी भिंत पुन्हा भिंत होईल. ताई, आता तरी खूश ना?’

खूश.

एक मात्र लिहायचं होतंच. तुझी सुट्टीसुद्धा आम्हाला भिंतीवरून कळते. गेल्या महिन्यात आठवडाभर भिंत विझली होती. तुमचं कुलूप लागलेलं असणार हे मी ओळखलं. पहिले काही दिवस फाटक वाजलं की मी उठून बघत होते. एकदा दूधवाला होता, एकदा काकू रोपाची चौकशी करायला आल्या होत्या. नंतर तुझं पत्र आलं, की महिनाभर कामातून डोकं वर काढायला वेळ नव्हता. मी ते वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

अप्पा हाक मारताहेत. उरलेलं उद्या लिहिते.

बुधवार सकाळ

काल लिहिलेलं आत्ता वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, पण जे लिहायला बसले होते ते त्यात नाही.

अप्पांच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. पडदा झिजलाय, आता चष्म्याने काही होणार नाही आणि ऑपरेशनही नको, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू फोनवर होतास. तेव्हापासून त्यांचा हात धरून त्यांना नेते-आणते. ताटातलं काय कुठे आहे ते सांगते. तुझी पत्रंही मीच वाचून दाखवते, आणि त्यात अप्पांसाठी काही नसलं की मनाचं घालते.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मी शिलाईचं मशीन मागच्या खोलीत नेलं. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, निळ्या कापडावर निळा दोरा, म्हटलं उजेडाचा छळ आहेच तर निदान उपयोग तरी करावा. लक्ष राहावं म्हणून अप्पांची खाटही तिथेच घेतली. ते पडलेले. मी शिवत होते, आणि ते म्हणाले, “शिलाई वाकडी चाललीय.”

मला वाटलं, मशीनच्या आवाजावरून म्हणताहेत.

“खिशाजवळ बघ. उजवीकडे.”

बघितलं तर खरंच वाकडी होती. मी मशीन थांबवलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुझे केस कधी पिकले गं?”

मी म्हटलं, “तुम्ही बघत नव्हतात तेव्हा.”

मी त्यांना अंगणात नेऊन पाहिलं, दिव्याखाली बसवून पाहिलं. कुठेच काही दिसत नाही. दिसतं ते फक्त त्या भिंतीच्या उजेडात. आईच्या मंत्रातून गाळून आलेला म्हणून असेल, मला काय कळतंय. आता ते कॅलेंडर वाचतात. नखं स्वतःची स्वतः कापतात.

हे मी तुला कळवलं नाही. उलट त्यानंतरही ‘भिंत बंद कर’ म्हणून पत्र टाकलं. का, तर राग आला होता. इतकी वर्षं औषधं, पथ्यं, अंघोळी मी करतेय, आणि त्यांना पुन्हा दिसायला लागलं ते कुणामुळे, तर तुझ्या एका चुकीमुळे. तू नुसता चुकलास तरी तुझा त्यांना उपयोग होतो. मी चुकले तर भात करपतो. तुला हे कळलं की तू समाधानाने म्हणशील, चला, माझ्याकडूनही काहीतरी झालं, आणि मग आणखी येणार नाहीस. ती भीती होतीच, पण खरं सांगायचं तर आधी राग होता.

मग भिंत विझली होती त्या आठवड्याची आठवण येते. अप्पा खाटेच्या काठावर भिंतीला हात लावून बसायचे. तक्रार नाही, काही नाही. मीच म्हटलं, धाकट्याला सुट्टी आहे, म्हणून उजेड नाही.

ते म्हणाले, “सुट्टी आहे? मग येईल.” आणि त्यांनी मला दाढीचं पाणी गरम करायला सांगितलं.

तेव्हा आता नाक मुठीत धरून लिहिते. सोमवारी सगळे पत्रे बदलू नकोस. बाकीच्यांना टाकीचा पत्ता दे, तुमची ती मोठी दुर्बीण अडवून ठेवण्याइतकी मी वेडी नाही. पण एक पत्रा जुन्याच पत्त्यावर राहू दे. तुझ्या खोलीच्या खिडकीत, जिथे दिवसभर ऊन येतं तिथे, तो उभा करून ठेव. साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. मी काकूंना सांगितलंच ना. माझ्या झोपेचं मी बघते, डोळ्यांवर पट्टी शिवली आहे.

हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल असं पोस्टातली बाई म्हणाली. मिळाल्याबरोबर फोन कर. आणि या वेळी फोन अप्पांना द्यायला सांग, मला सूचना नकोत.

आणि ये. हे अप्पांनी सांगितलंय, मी नाही. दिसतंय तोवर त्याचाही चेहरा एकदा बघून ठेवतो, म्हणाले.

येताना केस रंगवून येऊ नकोस. पेपरातल्या फोटोत रंगवलेले कळतात. माझेच तेवढे पिकलेले दिसले तर त्यांना वाटेल, काळजी सगळी एकटीनेच केली. आहे तसंच, पण ते त्यांना दिसायला नको.

अजून रागातच असलेली,
तुझी ताई