लोरेन्झ आजोबांचं नाक

ड्रेस्डेन
८ फेब्रुवारी, शनिवार

मी घरी घेते त्या चित्रांच्या वर्गात आज डिटेक्टिव्ह — बाजूने दिसणारा चेहरा. झाडून सगळ्या पोरांनी नाक बाजूचं आणि डोळा समोरचा काढला! म्हटलं, बाजूने डोळा आडव्या व्हीसारखा दिसतो, आणि कान गालावर नसतो, जबड्याच्या मागे असतो. पटेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या लोरेन्झ आजोबांनाच आणून खुर्चीत बसवलं. काय नाक आहे! कपाळावरून निघतं ते थेट ओठावर उतरतं. बिचारे हूं की चूं न करता बसले.

माझ्या तनयाचं चित्र झकास जमलं. टोपी, उभी कॉलर, हातात भिंग. खाली मी जर्मनमध्ये लिहिलं, ‘आमच्या बिल्डिंगचे डिटेक्टिव्ह — लोरेन्झ’ आणि जिन्यातल्या नोटीस बोर्डावर लावलं. कोणाचं पार्सल आलं, कोणी कचरा चुकीच्या डब्यात टाकला, सगळं खिडकीतून टिपणारे काका पुण्यात प्रत्येक सोसायटीत असतात. डिटेक्टिव्ह म्हटलं की खूश होतात.

१० फेब्रुवारी

चित्र उलटं लावलेलं. चेहरा भिंतीकडे! मी सरळ केलं.

११ फेब्रुवारी

पुन्हा उलटं. शिवाय आजोबांनी दार उघडलं नाही. शाळा सुटल्यावर मी ऑफिसातून येईपर्यंत तनया त्यांच्याकडेच असते. होर्टमध्ये, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरात, जागाच मिळाली नाही, तेव्हा स्वतःहून पुढे आलेला हा एकच माणूस. आज पोरगी एकटी जिन्यात बसून होती. आत दिवा चालू होता, म्हणाली.

त्यात तळमजल्यावरच्या क्रूगरबाईंनी मला अडवलं. सत्तरी उलटलेली बाई, एरवी नुसती मान हलवते. म्हणाली, "काढा ते. या घरात असली थट्टा करत नाहीत."

मीही तापले. जेवताना नवऱ्याला, सुमितला, सांगितलं, तर त्याचा घास हातातच राहिला. त्याचा ऑफिसातला मित्र इथलाच. पूर्वीच्या कम्युनिस्ट राजवटीत शेजारीच शेजाऱ्यावर नजर ठेवून गुप्त पोलिसांना लिहून द्यायचे, माणसं तुरुंगात जायची, हे त्यानेच सांगितलेलं. सुमित म्हणाला, अगं, त्या वयाच्या माणसाला तू बिल्डिंगचा डिटेक्टिव्ह म्हणालीस?

जाऊन चित्र काढून आणलं. एका भल्या माणसावर मी केवढा आळ घेतला! शरमेने मेले.

१२ फेब्रुवारी

घरूनच काम. आजोबांच्या दारावर तीनदा टकटक केली. बेसनाचे लाडू दाराशी ठेवून आले. तनया त्यांना ओपा म्हणते, जर्मनमध्ये आजोबा; सारखी विचारतेय, ओपा माझ्यावर रागावलेत का?

१३ फेब्रुवारी

लाडू तिथेच.

क्रूगरबाई भेटल्या. मी सांगून टाकलं, मला माहीत नव्हतं, आजोबा फार दुखावलेत, तुम्ही तरी त्यांना समजवा. त्यांनी विचारलं, "तो काही बोलला का?" नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. विचित्र बाई.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी आजोबा दारात. मी माफी मागायला लागले, तर हात वर करून थांबवलं.

"चित्र परत लावा," म्हणाले. "क्रूगरबाईंच्या नवऱ्याबद्दल मीच लिहून द्यायचो."

मागून तनया ‘ओपा!’ करत धावत आली. मी दारातून बाजूला झाले नाही.