तिरक्या पिनांचा खोकेवाला

सोमवार, ३ फेब्रुवारी

पंपवाले गेले! इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक चहाचा कप खाली ठेवता ठेवता गेलं. त्यांचा खरेदी अधिकारी, कालचा पोरगा, मला समजावून सांगत होता की पुढच्या महिन्यापासून प्लॅस्टिकचे क्रेट. दुकानात पंप उतरवायचे, क्रेट परत आणायचे. पुठ्ठ्याचं खोकं बंद. निम्मा माल तर गेल्या महिन्यापासूनच क्रेटमधून जातोय — हे आत्ता सांगतो! आणि ऑर्डर का घटली म्हणून मी इकडे मशिनवाल्यावर डाफरत होतो.

माझं तीन चतुर्थांश काम पंपाचं. उरलेल्यावर शेड चालणार नाही, हे कळायला हिशेब मांडायची गरज नाही.

हिच्या भावाला वास कुठून लागतो कोण जाणे. संध्याकाळीच फोन. शेड त्याला गोदामाला हवी आहे. महिनाअखेरीला काय ते सांगा म्हणाला. 'भाऊजी, तुम्हीही आता जरा आराम करा.' आराम! हा माणूस जन्मल्यापासून तेच करतोय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जावईबापू आले होते. मार्केटिंग शिकलेले. मी पुठ्ठा शिकलो तो जुन्या मशिनखाली उताणा पडून. मला कोणी पदवी दिली नाही. पण ऐकून घेतलं. जावयावर चिडता येत नाही, हा फार गैरसोयीचा प्रकार आहे.

त्यांचं म्हणणं — आधी गिऱ्हाईक कोण ते ओळखा. कारखान्यात खोकं वापरणारा एक असतो, पसंत करणारा दुसरा, सही करणारा तिसरा. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. मी म्हटलं, माझ्या कारखान्यात तिघंही मीच. ते हसले नाहीत. लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं.

शेवटी म्हणाले, 'बाबा, दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल, पण सध्या खोकी कुठून घेता एवढं विचाराच.'

नाही विचारणार. आधीचे केस कोणी कापले, असं विचारणाऱ्या न्हाव्याचा मला राग येतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भंगारवाला कातरण न्यायला आला. पंपाची खोकी हल्ली कमी का दिसतात, म्हणून चौकशी. म्हटलं, तुला काय करायचंय? सगळ्या जगाला माझ्या पंपांची काळजी!

सोमवार, १० फेब्रुवारी

विक्रीला निघालो. या वयात, हातात नमुन्याचं खोकं घेऊन! आधी मेणबत्तीवाला. त्याची मेणबत्ती दुकानातून आणून, मोजून, नेमक्या मापाचं खोकं करून नेलं होतं. पाच थरांचं, कडा काटकोनात. त्याने खोकं हातात घेतलं, आत बघितलं आणि विचारलं, 'मेणबत्त्या कुठायत?'

तासभर बसवून म्हणाला, आमची सोय आहे.

दिवेवाला: आमची सोय आहे. नळ बनवणारे: आमची सोय आहे. सगळ्यांची सोय आहे. गैरसोय तेवढी माझी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजचा अपमान नीट लिहून ठेवतो.

खेळण्यांचा कारखाना एक बाई चालवतात. मोकळ्या स्वभावाच्या. पाणी दिलं, नमुना उलटासुलटा करून पाहिला. मी कागदाचं वजन सांगितलं, ओलाव्याचं सांगितलं, मधला नागमोडी थर का दबत नाही तेही सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'काका, खोकं छान आहे. पण आमचा खोकेवाला तुमच्यापेक्षा चांगला आहे.'

कोपऱ्यात त्यांचा माल रचला होता. एकावर एक, पार छतापर्यंत. खालचं खोकं तसूभर दबलेलं नाही! मी अंगठ्याने दाबून पाहिलं. कागद खरा. अगदी खरा. वर छपाई काही नाही, कोरं तपकिरी. आणि जोडावरच्या पिना — तिरक्या! एक इकडे तोंड करून, एक तिकडे. झाकणाच्या पाकळ्या तोकड्या. दुमडीवर कागद थकलेला, जणू दोन्हीकडून दुमडलाय.

म्हणजे हा माणूस कागद माझ्या तोडीचा घेतो आणि कारागीर आंधळा ठेवतो. अशा माणसापुढे मी हरलो!

कोण तो, हे जिभेवर आलं होतं. गिळलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दिवेवाल्याकडे पुन्हा गेलो. मुद्दाम माल भरताना. तेच खोकं. त्याच तिरक्या पिना.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मेणबत्तीवाल्याकडेही तोच! नळवाल्याकडेही! अख्खी औद्योगिक वसाहत या बेट्याने खिशात घातली आहे आणि मी त्याचं नावही ऐकलेलं नाही. खोक्यावर नाव छापत नाही. (मीही नाही छापत. दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव कशाला मिरवायचं. पण माझी गोष्ट वेगळी आहे.)

शेवटी नाक दाबून जावईबापूंचा प्रश्न विचारला. नळवाला एकदम छताकडे बघायला लागला. 'आहे एक माणूस आमचा,' म्हणाला आणि त्याला अचानक काम आठवलं. मेणबत्तीवाल्याचंही तेच. पुठ्ठ्याची खोकी घेतात की चोरीचं सोनं?

घरी येऊन पिनांवर बराच वेळ बोललो. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, 'लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल इतकं कधी बोलला नाहीत.'

बुधवार, १९ फेब्रुवारी

हिच्या भावाचा माणूस शेडचं माप घ्यायला आला. टेप वाकडी धरत होता. मीच धरून दिली. स्वतःच्या शेडचं माप, स्वतःच्या हाताने.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हिने टेबलावरचा दिवा मागवला होता — त्याच दिवेवाल्याचा, मला न विचारता. दुपारी पार्सल आलं. दारातूनच पिना दिसल्या!

मी सुरी आणली. 'अहो, आधी दिवा तरी बाहेर काढू द्या,' ही म्हणत होती. काढला. मग पिना उचकटल्या, जोड सोडवला आणि पुठ्ठा जमिनीवर पालथा पसरला.

आतल्या बाजूला निळा पंप. त्याखाली पंपवाल्यांचं नाव. बाजूला वरच्या दिशेचा बाण. तो बाण मी काढलेला आहे. छपाईवाल्याला जमत नव्हता म्हणून पट्टी घेऊन स्वतः काढला होता.

खोकं माझंच. दुकानात पंप उतरले की ते भंगारात जातं. तिथे कोणीतरी जोड उसवतो, आतली बाजू बाहेर करतो, उंची कापतो, पिना मारतो आणि पुन्हा विकतो. म्हणून पाकळ्या तोकड्या. म्हणून दुमड थकलेली. म्हणून नळवाला छताकडे बघत होता — भंगारातलं घेतो हे कोण सांगेल? आणि मी दोन आठवडे माझ्याच कागदाला टक्कर देत फिरत होतो.

ही हसायला लागली. थांबेचना. डोळ्याला पदर लावून म्हणाली, 'चांगला खोकेवाला आहे हो. सोडू नका त्याला.'

मला हसू आलं नाही. म्हणजे, लगेच नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

जावईबापूंना फोनवर सांगितलं. त्यांना फारच आवडलं. म्हणाले, उपाय सोपा आहे, थर कमी करा. एका वापरात फाटेल असं खोकं करा, म्हणजे नवं घ्यावंच लागेल.

म्हटलं, जावईबापू, तब्येतीला जपा. आणि फोन ठेवला. जावयावर याहून जास्त चिडता येत नाही.

पण मग करायचं काय? फाटणारं खोकं माझ्या हातून होणार नाही, आणि न फाटणाऱ्याने मला बसवलं. उद्या-परवा हिच्या भावाला होकार कळवून टाकतो. निदान त्याचं गोदाम कोरडं राहील, छप्पर मी घातलेलं आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हिच्या भावाचा नंबर फिरवत होतो, तेवढ्यात भंगारवाला दारात. कातरण न्यायचा वार नव्हता. घामाघूम. एका दमात सगळं सांगून टाकलं. पंपाची जुनी खोकी मिळेनाशी झाली. खेळणीवाल्या बाई रोज फोन करतात, दिवेवाला अंगावर येतो, मेणबत्तीवाल्याचा माल जमिनीवर पडलाय. दुसरीकडून आणून दिली होती, सगळ्यांनी परत केली. त्यांना तोच कागद हवा.

'मालक, नवी करून द्याल का? तशीच?'

फोनमध्ये हिचा भाऊ हॅलो हॅलो करत होता. बंद केला.

म्हटलं, देतो. पण तशी नाही. पिना सरळ मारीन.