कशेडी घाट, अकरावा मजला

बाबा,

आपल्या घरात पुन्हा एक सायकल आहे. ती कुठेही जात नाही. लालबागच्या आपल्या चाळीच्या जागी आता टॉवर झालाय, त्याच्या अकराव्या मजल्यावर खिडकीपाशी ती उभी असते. तिला एकच जड लोखंडी चाक आहे आणि चाकाजवळ लोहचुंबकाची पट्टी. मूठ फिरवली की पट्टी चाकाजवळ सरकते आणि पायडल जड होतं. समोरच्या स्क्रीनवर वेळ, लोड, किलोमीटर सगळं उमटतं. माटुंग्याच्या एका घरात तिच्यावर कपडे वाळत घालायचे, तिथून मी ती आईसाठी आणली. आईचं हृदय कमजोर झालंय. डॉक्टर म्हणाले होते, रोज वीस मिनिटं पाय चालले पाहिजेत, आणि खालचा रस्ता तर इतका खणून ठेवलाय की धडधाकट माणूसही तिथे जपून चालतो.

पहिले चार दिवस आई रुसून बसली होती. मग तिनेच एक खेळ काढला. स्क्रीनवरचे किलोमीटर मी वहीत लिहायचे आणि रोजची बेरीज करून गावाच्या रस्त्यावर आपण कुठे पोचलो ते तिला सांगायचं. पनवेल झालं, पेण झालं, महाड झालं. पोलादपूर आलं तेव्हा ती म्हणाली, "आता घाट हा. लोड वाढव रे." कशेडी ती चार दिवसांत चढली. शेजारच्या काकू रोज दारातून ओरडायच्या, "काय वहिनी, कुठे पोचली गाडी? घाटात उलटीची गोळी घेतलीत ना?" आई हसायची, पण पाय थांबवायची नाही. "यंदा गणपतीक घरची घाटी माझी मी चढतलंय," असं गावच्या घराकडे जाणाऱ्या त्या उभ्या चढणीबद्दल ती काकूंना ठणकावून सांगायची. मी वही जपून लिहीत होतो. तुम्हाला माहीत आहे, शाळा नववीत सुटली तरी माझं अक्षर आणि आकडे कधी चुकले नाहीत.

गेल्या आठवड्यात ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, शाबासकी दिली, मग नवा रिपोर्ट पाहिला. आईला बाहेर बसवून मला म्हणाले, "वहीत सुधारणा आहे, रिपोर्टमध्ये नाही. उलट हृदयाची ताकद उतरलीय. मशीन एकदा तपासून घ्या." घरी येऊन मी स्वतः सायकलवर बसलो. स्क्रीन घाटाचा लोड दाखवत होती आणि पाय मात्र हवेत फिरत होते. कंपनीला फोन लावला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "सर, ॲप डिलीट करून परत टाका." मी म्हटलं, टाकून झालं, आकडा येतोय पण खोटा आहे. तो म्हणाला, "आकडा येतोय ना सर? मग मशीन ओके आहे."

मग तुमची हत्यारं काढली. कव्हर उघडलं तर चुंबकाच्या पट्टीचा स्क्रू सैल, आणि पट्टी चाकापासून बोटभर लांब घसरलेली. स्क्रीनला पट्टी कुठे आहे ते कळतच नाही, मूठ किती फिरवली एवढंच कळतं. म्हणजे स्क्रू थोडा थोडा सुटत गेला, पायडल हलकं होत गेलं, आणि आईला वाटलं आपणच बऱ्या होतोय. मलाही तसंच वाटलं, बाबा. महाड खोटं होतं. कशेडी खोटी होती. मी तुम्ही शिकवलं तसं मोजून, दोनदा तपासून पट्टी जागेवर बसवली आणि स्क्रू आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बसली. सपाट रस्त्याचा लोड होता. दोन मिनिटांत तिचे ओठ पांढरे पडले. मूठ घट्ट धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "माका काय झाला रे? चार दिवसांपूर्वी घाट चढलंय ना मी?" मी तिला धरून खाली उतरवलं. काकू दारात आल्या आणि तशाच परत गेल्या. तो सगळा दिवस आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. दुपारी जेवलीही नाही.

तेव्हा तो जुना दिवस आठवला: मी तेरा वर्षांचा आहे. गणपतीच्या आधीची गर्दी, जिन्याखालच्या आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात उभं राहायलाही जागा नाही. एका गिऱ्हाइकाचं चाक वाकडं आहे, ब्रेकला घासतंय, आणि ते मला सरळ करता येत नाहीये. मी ब्रेक ढिला करतो. घासणं थांबतं, गिऱ्हाईक खूश होऊन निघतं. तुम्ही नुसतं वळून बघता आणि हातातला पाना टाकून त्याच्यामागे थेट पुलापर्यंत धावता. त्याला सायकलीसकट परत आणता. "चाक वाकडं आहे तर वाकडं आहे म्हणून सांग. ब्रेक ढिला करून त्याचं तोंड बंद केलंस? उतारावर हा मेला असता तर?" संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दुकान बंद करताना चाकाच्या तारा आवळायची तुमची चावी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "उद्यापासून चाकं तू कर." त्याच पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. ती चावी अजून माझ्या खिशात असते.

काल आई झोपली असताना मी कव्हर पुन्हा उघडलं आणि तो स्क्रू सैल केला.

आज ती वीस मिनिटं बसली. चिपळूणचा रस्ता धरला. "आता बरा चालता," म्हणाली, "काय केलंस?" मी म्हटलं, तेल घातलं. तुमच्याबरोबर अठरा वर्षं संसार केलेली बाई ती, तेलाने लोड कमी होत नाही हे तिला ठाऊक नसेल? ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग "बरा केलंस" म्हणाली आणि गणपतीच्या तिकिटांचं विचारलं. मी "बघतो" म्हणालो. गावची ती घाटी खरी आहे, बाबा. तिथे सैल करायला स्क्रू नाही.

हे मी किलोमीटरच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितोय. वही ती रोज वाचते, म्हणून पान फाडावं लागेल. दोनदा हात लावला. अजून फाडलेलं नाही.