यांत्रिक दोष

३ मार्च, रविवार
ही आणि मेहुणा सकाळी सायकली घेऊन टेकडीवर गेले होते. दोघांच्या पोटऱ्यांवर माती. मेहुणा चहाला थांबला. ही म्हणाली, पुढच्या रविवारी तूही चल. हाड केव्हाच जुळलंय, डॉक्टरांनी परवानगी देऊनही आता सहा महिने होतील.
मी म्हणालो, हाडाचा प्रश्नच नाही. ब्रेकचा आहे. पुढचा ब्रेक वीक आहे. खाणीच्या वळणावर पडलो त्या दिवशीही तेच झालं होतं.
मेहुणा कपात बघून हसला. त्याची तशी सवय आहे.
उद्यापासून ब्रेक हातात घेणार. पद्धतशीरपणे. आठवड्याचं काम.

४ मार्च, सोमवार
संध्याकाळी सायकल दुकानात नेली. ढकलत. दुकानदाराने फोन कानाशी धरूनच चाक उचललं, फिरवलं, लिव्हर दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं. म्हणाला, काय झालंय याला? पॅडसुद्धा जाड आहेत. फोनवर त्याचं कोणाशी तरी भांडण चालू होतं. असा माणूस निदान काय करणार.
हवेत थांबणं वेगळं आणि उतारावर थांबणं वेगळं, हे त्याला समजावलं. तो म्हणाला, मग चालवून बघा की, समोरच उतार आहे.
वेळ नव्हता. ढकलत परत आणली.
ठरवलं: स्वतःच करायचं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक म्हणजे शेवटी काय? नळीत तेल. लिव्हर दाबलं की तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला, आणि पॅड चाकावरची डिस्क धरतात. यात गूढ काही नाही.

५ मार्च, मंगळवार
ऑफिस. अपघात विम्याच्या क्लेमचा गठ्ठा. बहुतेकांनी कारण लिहिलंय, ब्रेक लागला नाही. लोक नेहमी ब्रेकवर ढकलतात. नेहमीचा शेरा मारला: यांत्रिक दोषाचा पुरावा नाही.
माझी केस वेगळी आहे. मी स्वतः तिथे होतो.

७ मार्च, गुरुवार
बाल्कनीत चाक फिरवून हळूच लिव्हर दाबलं. बारीक किंचाळल्यासारखा आवाज. सापडलं. धातू कोरडा पडलाय.
चेनवर मारायचा स्प्रे डिस्कवर मारला. दोन्ही बाजूंनी. थोडा पॅडच्या फटीतही. आवाज पूर्ण बंद. चाक नुसतं फिरत राहिलं.
ही दारात आली. कसला वास, म्हणाली. तेलाचा, म्हणालो. ब्रेकला तेल घालतात? मी म्हणालो, आवाज गेला की नाही ते सांग. गेला, म्हणाली.

९ मार्च, शनिवार
पार्किंगमध्ये चाचणी. सायकल ढकलत पळालो आणि लिव्हर दाबलं. काही नाही. दोन्ही हातांनी दाबलं. सायकल थेट खांबापर्यंत गेली. वॉचमनने खुर्ची मागे घेतली.
म्हणजे ब्रेक वीक आहे. आठवडाभर एकटा मीच हे म्हणत होतो. आज सिद्ध झालं.
आनंद व्हायला हवा होता. ठीक वाटलं.

१० मार्च, रविवार
हिला आणि मेहुण्याला निघण्यापूर्वी ब्रेक दाखवला. ही म्हणाली, मागच्या आठवड्यात तर दुकानदाराने चांगला आहे म्हटलं होतं. मी म्हणालो, दोष असाच हळूहळू उघड होतो.
मेहुणा म्हणाला, दाजी, राग मानू नका, पण त्या वळणावर सायकल थांबली होती. चांगली उभी होती. तुम्ही एकटेच पडलात.
मी म्हणालो, ती का थांबली याचाच तपास चालू आहे.
तो इतका हसला की त्याला हेल्मेट काढावं लागलं. ही हसली नाही. हातमोजे घालत होती.
दोघं गेले.

१२ मार्च, मंगळवार
पॅडमध्ये तेल मुरलंय. पॅड भुशासारखे असतात, तेल पितात. उपाय इंटरनेटवर आहे: भाजून काढायचं. पॅड काढले, सँडपेपरने घासले, तव्यावर ठेवले. चिमट्याने उलटे-सुलटे केले. धूर अपेक्षेपेक्षा जास्त झाला.
ही कामावरून आली. खिडक्या उघडल्या. म्हणाली, उद्या येताना दुसरा तवा आण. बाकी काही विचारलं नाही. हल्ली ती समजून घेते.

१३ मार्च, बुधवार
पॅड परत बसवण्यापूर्वी लिव्हर एकदा दाबून पाहिलं. चाक काढलेलं, पॅड काढलेले, मधे काहीच नाही. का दाबलं, ते आता सांगता येणार नाही. आतले दोन पिस्टन पुढे आले. ते मागे जावेत म्हणून पुन्हा दाबलं. आणखी पुढे आले.
लिव्हर दाबून पिस्टन मागे जात नाहीत. ही गोष्ट कोणीही आधी सांगत नाही.
चमच्याच्या दांड्याने ढकलले. एक आत गेला की दुसरा बाहेर येतो. शेवटी एक पूर्णच बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग तेल. पिस्टन पुसून बसवला. तेल गेलं ते गेलं.
तवा आणायचा राहिला.

१६ मार्च, शनिवार
तेलाच्या नळीत हवा शिरली आहे. हवा दबते, तेल दबत नाही, म्हणून लिव्हर पोकळ लागतं. उपाय: खालून सिरिंजने तेल भरायचं, वरून बुडबुडे बाहेर काढायचे. औषधाच्या दुकानात मोठी सिरिंज मागितली. त्याने विचारलं, पेशंट कोण? सायकल, म्हणालो. त्याने चष्म्याच्या वरून पाहिलं आणि दिली.
हे दोन माणसांचं काम आहे असं व्हिडिओत पुन्हा पुन्हा म्हणतात. ही म्हणाली, मी वर धरते, तू खालून ढकल. मी म्हणालो, नको, तुला नेमकं जमणार नाही. ती थोडा वेळ तशीच बाही वर करून उभी होती. मग आत गेली.
एकट्याने केलं. वरचं बघावं तर खालचं निसटतं. बरंचसं तेल फरशीवर. तरी काही आत गेलं असणार.
निकाल: लिव्हर आता मऊ. हलकेच दाबलं तरी सरळ हँडलला टेकतं. हाताला आराम.

१७ मार्च, रविवार
हिने विचारलं, झालं? मी म्हणालो, जवळजवळ. ती म्हणाली, मी थांबते हवं तर, आपण नुसते रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. मी म्हणालो, अर्धवट गोष्टीत मला रस नाही.
फरशी दोनदा पुसली.

१९ मार्च, मंगळवार
नवे पॅड आणले. पाकिटावर लिहिलंय: नवे पॅड लगेच धरत नाहीत. सायकल वेगात चालवायची, ब्रेक लावायचा, पुन्हा चालवायची, पुन्हा लावायचा. असं बऱ्याचदा केलं की पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावतात.
म्हणजे ब्रेक नीट होण्यासाठी सायकल चालवली पाहिजे. आणि ब्रेक नीट झाल्याशिवाय मी चालवणार नाही. पाकीट छापणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.
मधला मार्ग काढला. पार्किंगमध्ये सायकल हाताने धरून भरभर चालायचं आणि थांबायचं. खांब ते लिफ्ट, लिफ्ट ते खांब. वॉचमनने विचारलं, साहेब, फिरवायला आणलीय का हिला? पट्टा घाला, पळून जाईल.
परत लिफ्टकडे निघालो. पॅड सरावत आहेत.

२१ मार्च, गुरुवार
जेवताना ब्रेकचा विषय मीच काढला. म्हणालो, काम पूर्ण. ब्रेक कंपनीने दिला त्याहून सरस झालाय. बोलण्याच्या ओघात म्हणालो, पण म्हणालो.
हिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, मग या रविवारी ये. वर्ष होत आलं, दर रविवारी मी त्या उतारावर मागे वळून बघते. वळणावर उतरून चालत जायचं असेल तर चालत जा, मीही चालेन. भीती वाटत असेल तर तसं म्हण. मला वाटतेच.
मी म्हणालो, भीतीचा मुद्दा कुठून आला? मुद्दा ब्रेकचा होता आणि तो सुटला आहे.
ती म्हणाली, म्हणजे येतोस.
मी म्हणालो, अर्थात.
तिने मला आणखी वाढलं. मी नको म्हणालो तरी.

२२ मार्च, शुक्रवार
पॅड अजून धरत नाहीत. लिव्हर हँडलला टेकतं. दोन दिवस आहेत.
संध्याकाळी घरी आलो तेव्हा ही बाल्कनीत माझ्या सायकलपाशी होती. कपडे काढते आहे, म्हणाली. दोरीवर कपडे नव्हते.

२३ मार्च, शनिवार
घसा दुखतो आहे. बहुधा सर्दी. हिला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

२४ मार्च, रविवार
सकाळी सहा. जागा आहे. डोळे मिटून. ही तयार झाली. दारातून म्हणाली, माझ्या सायकलचं मागचं टायर बसलंय. तुझीच नेते. ब्रेक केलाच आहेस तू.
हं, म्हणालो. सर्दीत हं-चा अर्थ काहीही होऊ शकतो.
ती लगेच गेली नाही. मग लिफ्टचं दार वाजलं.

साडेसहा. खिडकीत, पडद्याच्या आडून. ही माझी सायकल धरून गेटपाशी उभी आहे. मेहुणा शेजारी. ही वर बघते आहे. मी मागे सरकलो. सर्दी झालेल्याने खिडकीत उभं राहू नये.
खाली जाऊन एक वाक्य सांगता येईल. पण गुरुवारी मी सरस म्हणालो होतो, त्यामुळे एका वाक्यात भागणार नाही.
मागचा ब्रेक आहेच. हिचं वजन कमी. चालवतेही माझ्यापेक्षा चांगली.
अजून उभी आहे.

पावणेसात. गेली.

आठ. आता वर पोचली असेल. पुढे उतार. खाणीपाशी वळण. फोन हातात घेतला. सायकल चालवणाऱ्या माणसाला फोन करणं धोक्याचं असतं. ठेवला.
पार्किंगमध्ये गेलो. हिची सायकल जागेवर. मागचं टायर अंगठ्याने दाबलं. दगडासारखं कडक. पुढचंही. पुन्हा मागचं दाबलं.
ऊन वाढलं की हवा फुगते. तसं झालं असेल.

दहा. एरवी या वेळेला परततात. वर्तमानपत्र वाचलं. कशाबद्दल होतं ते लक्षात नाही.

अकरा. चहा केला. दोन कप. एक प्यायलो.

साडेअकरा. आली. पायी. अंगावर कुठे माती नाही, खरचटलेलं नाही. सायकल दुकानात टाकली, म्हणाली. दुकान उघडेपर्यंत मी बाकावर बसून होते. टेकडीवर गेलेच नाही.
हात धुतले. सर्दी कशी आहे, विचारलं.
बरी आहे, म्हणालो.

२५ मार्च, सोमवार
मेहुण्याचा ऑफिसात फोन. नेहमी पहिलं वाक्य चेष्टेचं असतं. आज नव्हतं. म्हणाला, दाजी, ताईने शुक्रवारीच लिव्हर दाबून पाहिलं होतं. मला म्हणाली, त्याचीच सायकल घेऊन निघते, तो येईल खाली, अडवेल मला. गेटपाशी मी दोनदा चल म्हटलं. थांब म्हणाली, चपला शोधत असेल.
मी म्हणालो, मला गोळीमुळे झोप लागली होती.
तो म्हणाला, दाजी, पडदा हलत होता.
मी म्हणालो, वारा होता.
तो म्हणाला, ठेवतो, काम आहे.
दिवसभर क्लेम पाहिले. सगळे मंजूर केले. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, बरं नाही का? सर्दी, म्हणालो.

२८ मार्च, गुरुवार
ही दुकानातून माझी सायकल घेऊन आली. चालवत. मी पार्किंगमध्ये उभा होतो. उतारावरून तशीच वेगात आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. आवाज नाही, घसरणं नाही. उतरली आणि हँडल माझ्या हातात दिलं. घे, म्हणाली. झाला.
काय केलं त्यांनी, मी विचारलं.
विचारलं नाही, म्हणाली.
लिफ्टमध्ये दोघं होतो. तिने मजल्याचं बटण दाबलं.

३० मार्च, शनिवार
सायकल पूर्ण तपासली. लिव्हर घट्ट. चाक जिथल्या तिथे थांबतं. खोट काढायला जागा नाही.
मात्र गियर बदलताना चेन किंचित टक् करते. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना. चढावर हे घातक ठरू शकतं. उद्या विचारलं तर काय सांगायचं ते बाथरूममध्ये दोनदा म्हणून पाहिलं. सरळ, शांत स्वरात. पटण्यासारखं आहे.

३१ मार्च, रविवार
सहाला उठलो. टेबलाशी बसलो. ही चहा प्यायली, कप विसळला. हातमोजे शोधत होती. माझ्या कोपराशी होते. मी कोपर उचललं, तिने घेतले. म्हणाली, मला उशीर होईल, जेवून घे.
लिफ्ट खाली गेली.
गियरचं कारण तयार होतं. वापरावं लागलं नाही.