साहेब एक्सलंट लिहून गेले

।। जोतिबा प्रसन्न ।।

माळवस्ती,
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. सौ. संयोगितास,
दादाचे अ. उ. आ.

पत्र आलं म्हणून हसू नकोस. फोनवर मी काहीही सांगितलं की तू ‘ओके दादा, ओके’ म्हणतेस, आणि तेवढ्यात पुण्यातल्या तुझ्या कंपनीची पुढची मीटिंग सुरू होते. पत्राला मध्येच ओके म्हणता येत नाही.

बातमी चांगली आहे. मंगळवारी तालुक्याचे साहेब आमची शाळा बघून गेले. पहिली ते चौथी मिळून सहा मुलं आणि मास्तर मी एकटा, हे तुला माहीतच आहे. आदर्शनं धडा वाचला, अनुजानं पाढे म्हटले. दुसरीतल्या तेजस्वीनं साहेबांच्या शर्टाची बटणं इंग्रजीत मोजली आणि एक तुटलंय हेही सांगितलं. आमच्याकडे रीत अशी आहे की कुणाचंही काम पूर्ण झालं की बाकीच्यांनी तीन टाळ्या वाजवून ‘वेल डन’ म्हणायचं. खिचडीचं पातेलं उतरवणाऱ्या मावशींनाही रोज वेल डन मिळतं. तेजस्वी तर म्हैस उठून उभी राहिली तरी तिला व्हेरी गुड म्हणते.

साहेब खूप हसले. शेरेबुकात त्यांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलं, एक्सलंट, कीप इट अप. मग आपल्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली आणि दोनदा नाईस म्हणाले. तुझी वहिनी दोन दिवस जमिनीवर नव्हती.

मला आपले गुरुजी आठवले. पाटीवर ते ‘बरे’ एवढंच लिहायचे. चार वर्षांत मला एकदाच ‘उत्तम’ मिळालं, तर आबांनी ती पाटी पुसू दिली नाही. देव्हाऱ्यात ठेवली, आणि मी आठवडाभर शेजारच्या पोराच्या पाटीवर अर्ध्या जागेत लिहीत होतो. परवा शेरेबुक मिटताना मला तसंच वाटलं.

तेजस्वीची आजी चिमणाबाई मात्र खूश नाही. म्हणाली, “मास्तर, ज्या बैलाला लोक लई चांगला म्हणत्यात, त्याला मी दारात बांधत न्हाय. नजर तरी लागती, न्हायतर गिऱ्हाईक तरी.” म्हातारीची जीभ अशीच आहे.

तसा एक कागदही आलाय. दहाच्या आत पट असलेल्या शाळा घाटापलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या आहेत. वस्तीची हरकत असेल तर ठराव करून चोवीस तारखेच्या आत द्यावी, असं त्यात आहे. तेवढ्या लांब, गाड्यांच्या रस्त्यानं, तेजस्वीला पाठवणार नाही हे चिमणाबाईनं आधीच सांगून ठेवलंय. पण मी हरकत दिलेली नाही, आणि वस्तीलाही घाबरवलं नाही. ज्यांनी ठरवायचं त्यांनीच एक्सलंट लिहिलंय. शिवाय आपल्या घरी भाकरी खाऊन गेलेल्या माणसाविरुद्ध अर्ज करणं बरं दिसत नाही.

जावईबापूंना नमस्कार. आहे ती माया तशीच ठेव.

तुझा दादा,
भाऊसो

पुणे,
गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. निम्मं हसत वाचलं आणि शेवट दोनदा वाचला. लगेच फोन केला, तर वहिनी म्हणाली, तू पोरांना घेऊन डोंगरावर गेलायस. रात्री तू फोन केलास, मी अर्ज म्हणताच ‘सगळं झकास आहे, काळजी करू नको’ म्हणालास आणि ठेवलास. म्हणून तुझ्याच वाटेनं येते, कारण पत्र तुला मध्येच ठेवता येणार नाही.

दादा, मी या शब्दांत दिवसाचे नऊ तास काढते. नाईस म्हणजे पाहिलं. गुड म्हणजे ऐकलं, आता पुढचं बोला. ग्रेट हे फोन ठेवायच्या आधी म्हणतात. फाईन म्हटलं की समोरच्याला राग आलाय असं समजायचं. त्यातल्या त्यात ओके प्रामाणिक, त्याला काही द्यायचंही नसतं आणि घ्यायचंही नसतं. गेल्या वर्षी आमच्या विभागात अकरा जणांना एक्सलंट असा शेरा मिळाला. त्यातले सात आज कंपनीत नाहीत. शेरा देणारा खोटं बोलला असं नाही. त्याला त्या क्षणी बरं वाटलं, तेवढाच त्याचा अर्थ.

आपल्या घरात चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती, म्हणून तू फसलास. वहिनीच्या पुरणपोळीला तू वीस वर्षांत एकदाही चांगली म्हणाला नाहीस. दोन पोळ्या जास्त खातोस, तिला तेवढं कळतं. साहेबांनी जास्त काय खाल्लं ते बघ.

हे पत्र मिळेल त्या पावली ऊठ, ठराव कर आणि अर्ज देऊन ये. मग मला हवं तेवढं रागाव.

धाकटी बोलली, तिला पोटात घाल.

तुझी,
संयोगिता

माळवस्ती,
मंगळवार, ३१ डिसेंबर २०२४

चि. सौ. संयोगितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र सव्वीसला पोचलं. पोस्टमन वस्तीवर आठवड्यातून दोनदाच येतो. त्याला दोष नाही. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही.

काल तालुक्याला गेलो. क्लार्क म्हणाला, मुदत संपली, वस्तीची हरकत नाही अशी नोंद वर गेली. साहेबांनी मला ओळखलं, उठून बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी शेऱ्याचा विषय काढला. ते म्हणाले, तुमचं काम एक्सलंटच आहे, त्यात वादच नाही, पण शेरा वेगळा आणि पट वेगळा. निघताना हात हातात घेऊन ग्रेट म्हणाले. माणूस वाईट नाही, संयोगिता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी पालकांना बोलावून सांगितलं. कुणी चिडलं नाही. तिसरीतल्या राजवीरचे वडील गणपतराव जायला उठले, टोपी घातली. मग म्हणाले, “मास्तर, तुमी म्हटलं असतं तर सगळ्यांनी सह्या दिल्या असत्या की. तुमीच म्हणालासा, एक्सलंट हाय म्हणून.”

चिमणाबाईनं नातीचा हात धरला आणि घरी गेली.

तू लिहिलंस त्यात पोटात घालण्यासारखं काही नव्हतं. राग नाही.

भाऊसो

माळवस्ती,
गुरुवार, १ मे २०२५

चि. सौ. संयोगितास,
अ. उ. आ.

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला हात उचलला नाही. माघातले पाचही रविवार पायी चालत जोतिबाचे खेटे घातले. दरवेळी शाळा मागायची असं ठरवून चढलो आणि देवासमोर उभा राहिल्यावर मागितलं नाही. चूक माझी, ती त्याच्या पायावर काय टाकायची?

आज झेंडावंदन झालं, मुलांना निकाल दिले आणि शाळा बंद झाली. तालुक्याचा क्लार्क सामानाची यादी करायला आला होता. बाकं, फळा, पातेली, घंटा. सगळं लिहून झाल्यावर त्यानं शेरेबुक गठ्ठ्यात बांधलं. ते मला ठेवता येईल का म्हणून विचारलं, तर सरकारी दप्तर आहे, देता येत नाही म्हणाला. मग त्यानं खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

काम पूर्ण झालं. सहाही मुलांनी तीन टाळ्या वाजवल्या आणि वेल डन म्हणाली.

क्लार्क तरुण आहे. तो थँक्यू म्हणाला आणि बाहेर जाऊन बराच वेळ गाडीची किल्ली शोधत राहिला. मुलांना मीच शिकवलं होतं, त्यांना गप्प बसा कसं म्हणू?

आता जास्त लिहीत नाही. तब्येतीला जप.

दादा

माळवस्ती,
रविवार, २९ जून २०२५

चि. सौ. संयोगितास,
अ. उ. आ.

मोठ्या शाळेत रुजू होऊन दोन आठवडे झाले. तिथले लोक चांगले आहेत. मुलांच्या वह्यांत चांदण्यांचे स्टिकर लावतात, स्टिकरवर व्हेरी गुड छापूनच येतं. आदर्श आणि राजवीर गाडीनं येतात. अनुजाला मामाकडे पेठ वडगावला ठेवलंय. दोघं दुसऱ्या शाळेत गेले.

तेजस्वी कुठंच गेली नाही. मी तीनदा चिमणाबाईच्या दारात जाऊन आलो. माझ्या स्कूटरवर घेऊन जातो, आणतो, असंही म्हणालो. तिनं चहा दिला. म्हणाली, “मास्तर, तुमची बदली झाली की मग?” बदली होणार नाही असं मी म्हणू शकलो नाही. आता माझ्या चांगल्या शब्दाचं या वस्तीवर काय होतं, ते मला माहीत आहे.

कालची गोष्ट सांगतो आणि थांबतो. शाळेला निघालो तर वळणावर तेजस्वी शेळ्या घेऊन उभी होती. मला बघून पळत आली. म्हणाली, “सर, अकरा हाईत. इंग्रजीत मोजल्या, इलेव्हन.”

मला उशीर झाला होता. पाय गाडीवरून खाली टेकवला नाही. व्हेरी गुड म्हणालो आणि पुढं निघालो.

पहिला चढ संपल्यावर कळलं मी काय म्हणालो ते. आरशात पाहिलं, तर ती अजून रस्त्यातच उभी होती आणि माझं व्हेरी गुड शेळ्यांना सांगत होती.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा दादा,
भाऊसो