वरच्या वावरातला सरता

घरून, ता. चिखली
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

पूनमच्या बाबास,

गीताचा नमस्कार. घरी सगळे बरे हायेत. आईंचा गुडघा तेवढा कुरकुरते, पण त्याच्याहून जास्त त्या कुरकुरतात. पूनमचं बारावीचं कॉलेज सुरू झालं. सकाळची एसटी धरून चिखलीले जाते, संध्याकाळी घरी येते अन् आल्याबरोबर मोबाइलमध्ये डोकं घालते. पाऊस यंदा बरा हाये. मधात उघडीप होती तवा जीव टांगणीले लागला होता, पण आला बाप्पा परत. तिकडं चाकणले तुमच्या कंपनीच्या गेटावर कसा हाये?

फोन असताना चिठ्ठी काऊन, असं तुमी म्हणालच. फोनवर तुमी बोलता अन् मी हाव-हाव करायच्या कामाची. चिठ्ठीत तुमाले मधात बोलता येत नाही.

दरवेळी तुमी इचारता, पेरणी सांगितल्यापरमाणं झाली नं? मी म्हणत आली, झाली. ते निम्मं खरं हाये. खालच्या वावरात सोयाबीनच हाये, तुमी सांगितलं तेच वाण. वरच्या वावरात नाही. आता खाली बसा अन् मंग पुढचं वाचा.

वरच्या वावरात ज्वारी हाये, तूर हाये, मूग, बरबटी, अंबाडी हाये, धुऱ्याबांधाच्या कडेनं तीळ हाये. ट्रॅक्टर सांगितलाच नाही. सहदेवभाऊंच्या बैलांनी, तिफनीनं पेरलं. तणनाशकाचा डबा घरात आणला नाही. रागावले असाल तर रागवा, इथपर्यंत आवाज येत नाही.

उन्हाळ्यात एक दिवस वरच्या वावरात गेली होती. एक ढेकूळ उचललं तर हातात वीट धरल्यावानी. दगडानं फोडलं. आत एक गांडूळ नाही, एक मुंगी नाही. मी लग्न होऊन आली तवा याच वावरात पोरं मासे धरायसाठी गांडुळं उकरत होती. तरोटा, केना, घोळ इतकी निघायची की आषाढात भाजी विकत आणली तर आई बोलायच्या, वावर असून बाजारात काय करता म्हणून. आता वर्षामागून वर्ष त्याच तणनाशकानं धुराही करपून गेला. अन् मजा पाहा, ज्या औषधानं सोयाबीन जगते त्यानंच अंबाडी मरते, ज्वारी मरते, तीळ मरते. म्हणजे एकदा ते मारलं की दुसरं काही पेरायची सोयच नाही. आपण वावराचे मालक, पण काय पेरायचं ते डबा सांगते.

मंग मी झुंबरबाईकडं गेली. सुतार गल्लीतल्या झुंबरबाई, आईंच्या मैत्रीण. त्यांच्या घरी आढ्याले सरता टांगलेला होता. पूनमले सरता काय ते ठाऊकच नव्हतं. मोबाइल सोडून पाहत राहिली. मी तिले सांगितलं, ही बांबूची पोकळ नळी तिफनीच्या मागं दोरीनं बांधायची. तिफनीवर पुरुष ज्वारी पेरते अन् मागून बाई या नळीत मुठीतलं बी सोडत चालते. सरत्याच्या ओळीत काय पडंल ते बाई ठरवते. घरात कोणती डाळ लागते, कोणती भाजी, ते तिलेच माहीत. "अन् ट्रॅक्टरच्या मागं बाई कुठं चालते?" पूनमनं इचारलं. म्हटलं, कुठंच नाही. घरी बसते.

पेरणीच्या दिवशी झुंबरबाई अन् मी पाळीपाळीनं सरत्यावर होतो. सहदेवभाऊ तिफनीवर. ते जुन्या गोष्टी सांगायले लागले, त्यांचा बैल वरातीत कसा घुसला अन् नवरदेवाचा फेटाच खाऊन गेला. हसता हसता माझी मूठ बंदच राहिली. पुढच्या ओळीले झुंबरबाईनं मले टोकलं, "पोरी, तोंड चालते तं हात चालत नाही काय?" मले राग आला, तर मूठ सैल सुटली अन् बी भसाभस पडलं. आता उगवल्यावर सगळं दिसते. जिथं आमी हसलो तिथं ओळ टकली हाये, जिथं भांडलो तिथं मुगाची गर्दी. रस्त्यावरून जाणारा हर माणूस थांबून इचारते, वहिनी, हे कोणतं डिझाइन? औषधाच्या दुकानदारानं तर चारचौघात सांगितलं, ज्ञानेश्वर गेला अन् त्याच्या बायकोनं वावराची भेळ केली.

सोपं नाही गेलं, खोटं कायले बोलू. निंदता निंदता कंबर मोडली. अंबाडीवर किडी आल्या, लिंबोळीचा अर्क मारला तर त्यांनी दोन दिवस मान दिला अन् परत आल्या. तुरीचे दोन पट्टे पाण्यानं पिवळे पडले. सोयाबीनवाल्यांएवढं पीक होईल का, ते मले आजही सांगता येत नाही. अन् माती काही एका पावसात सुधरत नाही, पी हळद अन् हो गोरी असं तिचं नसते. पण निंदण्यातच तरोटा मिळाला, केना मिळाला. आईंनी कितीक वर्षांनी तरोट्याची भाजी केली अन् पहिला घास घेऊन उगीच पदर डोळ्याले लावला. तिळाच्या फुलावर मधमाश्या हायेत. मुगाच्या शेंगा काळ्या व्हायले लागल्या. अन् परवा खुरपं खोल घातलं तर गांडूळ निघालं. एकच. मी ते पूनमले दाखवलं, ती "ईऽऽ" म्हणून पळाली. मी मातर तिथंच बसून राहिली, मले लय आनंद झाला.

इथपर्यंत लिहून चिठ्ठी बंद करणार होती. मूग तोडायचा हाये, धार काढायची हाये, अशी कारणं शोधली. पण मंग चिठ्ठी लिहून काय फायदा? फोनवर हेच तर आपण नाही बोललो.

मागच्या साली सोयाबीनवर फवारताना तुमी पडले. हवा तुमच्याच अंगावर येत होती, मी धुऱ्यावरून ओरडली, तुमी हात हलवून दाखवलं की एवढा पंप होऊ दे. मंग मले तुमी दिसलेच नाही, नुसतं सोयाबीन दिसलं. चिखलीच्या दवाखान्यातून घरी आणलं तवा डॉक्टरनं सांगितलं, वाचले. गावानंही म्हटलं, वाचले. आपणही म्हटलं. अन् त्याच्यानंतर आपण दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही.

पण मले दिसत होतं. तुमी चहा कपात घेणं सोडलं, पेल्यात अर्धाच मागायचे. सोसायटीत सही करायची वेळ आली की उद्या येतो म्हणायचे. पूनमनं सुईत दोरा ओवायले दिला तर तिच्यावर खेकसले. अन् मार्गशीर्षात एकाएकी म्हणाले, शेतीत काही राहिलं नाही, चाकणले गेटावरची नोकरी हाये. मी हाव म्हटलं. शेतीत काही राहिलं नाही म्हणून तुमी गेले नाही, पूनमचे बाबा. हात कापते ते गावाले दिसू नये म्हणून गेले. अन् पंप परत पाठीवर घ्यायची भीती वाटली म्हणून गेले. वाटणारच. मले तर तो पंप नुसता पाहूनही वाटते. तुमी वाईट वाटून घेऊ नका, पण मी तो मोडीत देऊन टाकला. भंगारवाला म्हणे, चांगला चालू हाये ताई. म्हटलं, म्हणूनच नेऊन टाक.

वरचं वावर मी मातीसाठी पेरलं, हे खरं हाये. पण त्याच्या आधी मी ते तुमच्यासाठी पेरलं. या घरात एक तरी वावर असं पाहिजे जिथं तुमाले भ्यायचं काम नाही. हे फोनवर मले कधीच सांगता आलं नसतं. आता लिहितानाही दोनदा उठून पाणी पिऊन आली.

अन् एक आयका. उगवल्यावर मी सगळ्या ओळी चालून पाह्यल्या. माझ्या ओळी कशा हायेत ते वर सांगितलंच. झुंबरबाईच्या ओळी पाह्यल्या तर इथून तिथून एकसारख्या, दाण्यापासून दाणा सारखा दूर. त्यांचा हात कापते, म्हातारपणाचं. मी इचारलं, कसं जमलं? त्या म्हणाल्या, "मूठ गच्च असली की बी अडते, ढिली पडली की सांडते. माहा हात सोताच हलते माय, मले काही कराच लागत नाही."

मी घरी येऊन चुलीपुढं बसली अन् खूप रडली. धुराचं निमित्त होतं.

म्हणून आता माझं सांगणं. येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पोळा हाये. त्याले या, अन् जायचं तिकीट काढू नका. खालच्या वावरातलं सोयाबीन निघालं की तिथं हरभरा टाकू, अन् सरत्यातून जवस. पुरुष सरत्यावर चालत नाही अन् बाई तिफन धरत नाही, असं गाव म्हणंल. म्हणू द्या. सहदेवभाऊंले मी इचारून ठेवलं. ते लय हसले, मंग म्हणाले, "वहिनी, बैलाले काय समजते मांगून कोण हाकते ते."

तिफन मी धरीन. सरत्यावर तुमी चाला. हात थांबवू नका, तो जसा हलते तसाच हलू द्या.

तुमच्या पुढं चालणारी,
गीता