घरात आधी कोण शिरणार

१४ जाने., बुध.
संक्रांत. आईचा फोन. "आपल्याकडे या वर्षी तिळगूळ नाही हं. कोणी दिला तर घे, आपण द्यायचा नाही." इथे कोण देणारे मला. दिवाळीला पण घरी काही केलं नाही, शेजारच्या काकूंनी फराळ आणून दिला म्हणे.
बाबांना जाऊन चार महिने. या घरात कोणालाच माहीत नाही. तेरावं झाल्यावर नॉटिंगहॅमला परत आले तर घर नवीन, माणसं नवीन. "हाय, मी सई, माझे बाबा गेले" असं कसं सांगणार? मग राहूनच गेलं. आता सांगितलं तर विचित्र वाटेल.
हीटिंग परत बंद.

१८ जाने., रवि.
लिन्हचे सगळे व्हिएतनामी मित्र आले होते. लिन्ह म्हणजे शेजारची खोली, हायफाँगची, मास्टर्स. किचनमध्ये एकाच वेळी चार व्हिडिओ कॉल. एकीची आई दुसऱ्याच मुलाला ओरडते, केस काप म्हणून, आणि तो मुलगा गुपचूप ऐकून घेतो. कोणी "कशी आहेस" विचारत नाही, "जेवलीस का" विचारतात. डिट्टो आपल्यासारखं.
लि.ने पहिल्या दिवशी नावाच्या आधी जन्मसाल विचारलं होतं. त्यावरून ठरतं कोणी कोणाला काय म्हणायचं. ती २००२, मी २००६. म्हणजे ती ताई, "चि", आणि मी धाकटी, "एम". तेव्हापासून ॲपवर व्हिएतनामीज शिकतेय. लि. म्हणते माझे टोन ऐकले तर तिची आजी खुर्चीतून पडेल.
मला पण बस म्हणाले. थोडा वेळ बसले. मग सगळ्यांचे आई-बाबा स्क्रीनवर हात हलवायला लागले, तशी प्लेट घेऊन वर आले.

२५ जाने., रवि.
OMG. लि.ने विचारलं, तेतला घरात पहिली तू येशील का?
तेत म्हणजे त्यांचं न्यू इयर. वर्ष लागल्यावर जो पहिला उंबरा ओलांडतो, त्याच्यासारखं घराचं वर्ष जातं. म्हणून माणूस निवडून, आधी सांगून ठेवतात. त्यांच्यात प्रत्येक वर्षाला एक प्राणी; हे वर्ष घोड्याचं, लि. जन्मसालाने पण घोडा, आणि स्वतःचं वर्ष वाईट असतं. त्यात रीडिंग गावच्या कंपनीत तिचा इंटरव्ह्यू. नाही झालं तर व्हिसा संपला की हायफाँग.
मी निघाले कुत्रा. घोड्याला कुत्रा बेस्ट. "शिवाय तू हसरी आहेस," म्हणाली.
मी. हसरी.
तिचं वाक्य संपायच्या आत हो म्हणून टाकलं. किती महिन्यांनी कोणाला मी हवी होते.

८ फेब्रु., रवि.
लि.च्या त्या मित्रांतला मिन्ह तेतला येणार नाही. मी विचारलं का, भांडलात?
लि.: "त्याचे काका वारले ना. ज्याच्या घरी कोणी गेलंय तो तेतला दुसऱ्याच्या घरात पाय ठेवत नाही. त्या घराला लागतं. मिन्ह असं करणार नाही आमच्याशी."
मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

१३ फेब्रु., शुक्र.
दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा ती इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करत होती. दुसऱ्यांदा म्हणाली, "एम, लाल घालशील ना?" हो म्हटलं. हो काय. सांगितलं तर बाबांबद्दल सगळं सांगावं लागणार. नाही सांगितलं तर तिचं वर्ष

१६ फेब्रु., सोम.
तिकडे बारा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे पाच. लि. एकटी घरात. मी बाहेर जाऊन पाचनंतर यायचं, माझ्यामागून बाकीचे.
कोपऱ्यापर्यंत आले. सगळे गेटपाशी भांडी घेऊन उभे, थंडीत, माझी वाट बघत. झाकणांतून वाफ येत होती.
मागे फिरले. मेसेज: ट्यूटोरियल लांबलं, सॉरी, दुसऱ्या कोणाला घे. फोन बंद. लायब्ररीत मिन्ह बसलेला. "तू इथे कशी?" "डेडलाइन." लाल स्वेटरकडे बघत होता.

१७ फेब्रु., मंगळ.
पहिला कोण शिरला? बॉयलरवाला. लि.ने मला बघायला दार उघडलं, त्याला वाटलं त्याच्यासाठीच. बुटांसकट आत. लि. रडकुंडीला. कोणीतरी त्याला जन्मसाल विचारलं.
"सेव्हन्टी-फोर, डक. का?" (डक म्हणजे इथलं "बाळा".)
सगळ्यांनी बोटांवर मोजलं. वाघ. घोड्याला वाघ पण बेस्ट. मग त्याला बसवून जेवायलाच घातलं. हीटिंग चालू झालं.
सगळे हसून सांगत होते. लि. नाही. मला एवढंच, "नाही म्हणायचं होतंस, एम."

१९ फेब्रु., गुरु.
सांगितलं. जिन्यात, ती वर येताना.
"कधी?"
"सप्टेंबर."
"म्हणजे आल्यापासून?" मग म्हणाली, "भिंतीतून ऐकू यायचं. मला वाटलं बॉयफ्रेंडचं काहीतरी. तुला लाज वाटू नये म्हणून मी गाणी मोठ्याने लावायचे."
मला हसू आलं. तिला नाही. चिडलीच. "मिन्हला आम्ही लायब्ररीत डबा पाठवला. तुला कोण पाठवणार होतं?"
खोलीत गेली. आज गाणी नाहीत.

२२ फेब्रु., रवि.
अजून नीट बोलत नाही. पण सकाळी खोलीत बोलावलं. टेबलावरच्या फळीवर तिच्या आजोबांचा फोटो असतो, पुढे बॅटरीची मेणबत्ती, स्मोक अलार्ममुळे. आजोबांना तिने डावीकडे सरकवलं. "फोटो आण."
माझ्याकडे फक्त फोनमधले. सगळ्यांत बाबा दुसरीकडेच बघतायत. आईला फोन केला, एक चांगला पाठव. का ते पण सांगितलं.
आई म्हणाली, "फ्रेम करून आणलाय गं. कपाटात आहे. मी पण अजून भिंतीवर लावला नाही." मग, "त्या मुलीच्या आजोबांना चालेल का?" मग, "बघते."
अजून आलेला नाही.
बुधवारी लि.चा इंटरव्ह्यू. फळीवरच्या रिकाम्या जागेत तिने एक संत्रं ठेवलंय. एसटीत रुमाल टाकतात ना, तसं.